मनूला, वाईहून

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद. रविवारी तू फोनवर विचारलंस आप्पा मग पुण्यात आमच्याकडे राहायला यायचं काय ठरवलंत, आणि मी बघू बघू म्हणून फोन आईकडे दिला, त्याचा तुला राग आलाय हे कळलं मला. आई म्हणाली, फोनवर तोंडात मिठाची गुळणी धरून बसता तर निदान लिहा तरी, जन्मभर लोकांची पत्रं वाटलीत, एक स्वतःचं लिहा. म्हणून बसलोय. मोबाईलवर एका बोटानं टाइप करतोय. ते बोलून टाइप करायचं तू शिकवलं होतंस तेही करून बघितलं, पण मी घाट म्हटलं की ते खाट लिहितं, आणि मध्येच आईनं आतून विचारलं भाकरी टाकू का, तर तेही पत्रात घालून मोकळं. तेव्हा चुकामाका सांभाळून घे.

आधी एक सांगतो, सध्या पितृपंधरवडा चालू आहे आणि आईचं म्हणणं असं की ह्या पंधरा दिवसात घर बदलायचा विषयच काढू नये. मी एरवी असलं काही मानत नाही हे तुला माहितीये, पण ह्या वेळी सोयीचं होतं म्हणून मीपण मान डोलावली.

तुमच्या वाकडच्या फ्लॅटला नावं ठेवायची नाहीत मला. चौदावा मजला, वारा चांगला येतो, आमच्यासाठी खोली ठेवलीस, कमोडच्या बाजूला धरायला दांडी बसवून घेतलीस, आईच्या गुडघ्याचा विचार केलास, हे सगळं दिसतं ग आम्हाला. पण मागच्या वेळी नऊ दिवस राहिलो तेव्हाची एक गोष्ट तुला सांगितली नाही. तू ऑफिसला गेलीस की मी खाली जायचो, तिथं लिफ्टच्या बाजूला सगळ्या फ्लॅटच्या पत्रपेट्या आहेत बघ. त्यात टपाल कोंबून भरलेलं, कितीतरी लोकांनी महिनोन्महिने पेटी उघडलेली नाही, आणि खाली फरशीवर एक गठ्ठा पडलेला, बँकेची पाकिटं, एलआयसीच्या नोटिसा, एक लग्नाची पत्रिका, लग्न होऊन गेलेलं. मला काही बघवेना. मी खाली बसलो आणि गठ्ठा मजल्याप्रमाणे लावायला घेतला, हाताला सवयच आहे, दहा मिनिटात निम्मा लावून झाला असेल, तेवढ्यात वॉचमन आला, म्हणाला काका दुसऱ्याच्या टपालाला हात लावायचा नाही, कॅमेऱ्यात दिसतंय. तो बिचारा त्याची ड्युटी करत होता, बरोबरच होतं त्याचं. पण पस्तीस वर्षं खात्यात काढलेल्या माणसाला कुणी तरी पहिल्यांदा म्हणालं की टपालाला हात लावू नको. मी गठ्ठा होता तसा ठेवला आणि वर आलो. तुला म्हटलं पाय दुखतायत म्हणून आज खाली गेलो नाही.

आणि ते गेटवरचं, कोण आलंय ते मोबाईलवर विचारतात आणि तू मीटिंगमधून हो म्हटलंस की मग माणूस वर. चांगलंच आहे सेफ्टीला. पण मी गंगापुरीपासून रामडोह आळीपर्यंत प्रत्येक दाराशी नुसतं ‘पोस्ट’ म्हणून ओरडायचो आणि आतून आवाज यायचा या, बसा, पाणी घ्या. ब्राह्मणशाहीतल्या एक आजी होत्या, त्यांच्या मुलाचं रजिस्टर यायचं, सही म्हणून अंगठा द्यायच्या, मग म्हणायच्या आता वाचूनपण दाखव. उन्हात सायकल लावून वाचायचो. काही काही मजकूर असे असायचे की मी दोन ओळी गाळायचो आणि त्यांनाही कळायचं की गाळल्या. आता ते रजिस्टर पोस्टच बंद झालं, म्हणजे स्पीड पोस्टात मिसळलं, तू पेपरात वाचलंही नसशील. आम्ही जुने चार जण त्या दिवशी पोस्टाच्या बाहेर चहा प्यायलो. काही बोललो नाही विशेष, एकानं फक्त त्या निळ्या पेनाची आठवण काढली ज्यानं आम्ही पाकिटावर फुल्या मारायचो.

असो, विषय भरकटला. तू म्हणालीस, बरं कायमचं नको, सहा महिने तरी या. तर मी खरोखर कालनिर्णय काढून, चष्मा लावून बसलो की कुठले सहा महिने. आईपण शेजारी बसली. आणि सांगतो तुला, जागाच सापडेना.

आत्ताचा पंधरवडा धरायचाच नाही. मग नवरात्र, त्यात आईचे उठता बसता उपास आणि नऊ दिवस घट, ती घर सोडणार नाही. दिवाळीत तूच येतेस. दिवाळी झाली की थंडी, आणि थंडीत तुझी आई पुण्यात राहील पण मी नाही, कारण तेव्हा नदीवर पाव्हणे येतात. हसू नको. धोबी पक्षी म्हणतोय मी, तो शेपटी वरखाली करत घाटावर पळत असतो बघ, काही लोक परीट म्हणतात. लहानपणी तू विचारलं होतंस की बायका धुणं धुतात म्हणून तो येतो का, आणि मी हो म्हणालो होतो, ते खोटं होतं, तो उत्तरेतून येतो, हिमालयाच्या बाजूनं, आणि उन्हाळ्याच्या आधी परत जातो. रिटायर झाल्यापासून मी जुन्या डायरीत लिहून ठेवतो कधी पहिला दिसला. ह्या साली करड्या रंगाचा, पोटाला पिवळा, तो एक आलाय परवाच, गणपतीच्या घाटाला उजव्या हाताला तिसऱ्या पायरीवर. दरवर्षी तीच पायरी. आता तोच आहे की दुसरा कुणास ठाऊक, पण पायरी तीच हे नक्की. टपालात पत्ता बरोबर असला की माणूस ओळखीचा नसला तरी चालतं.

मग संक्रांत. मग मांढरदेवीची जत्रा पौषात, ते दिवस आपल्या गावात नुसत्या गाड्याच गाड्या. आणि मग कृष्णाबाई, आपल्या कृष्णा नदीचा उत्सव.

हे मला नीट सांगायचंय तुला कारण तू गेली दहा वर्षं उत्सवाला आलेली नाहीस आणि तुला वाटतं तो एक दिवस असतो. अगं दोन अडीच महिने चालतो. एका घाटाचा संपला की दुसऱ्या घाटाचा, पाळीपाळीनं, सात घाट. कृष्णाबाईची मूर्ती मांडवात बसते, रोज आरती, कीर्तन, बायका ओट्या भरतात, आणि शेवटी महाप्रसाद. अफझलखान वाईला होता तेव्हा महाराजांसाठी नदीला नवस बोलला गेला आणि तो फळला म्हणून उत्सव सुरू झाला असं आपल्याकडे सांगतात, म्हणजे १६५९ पासूनचं. नदीला बाई म्हणून पाटावर बसवायची, तिला साडी नेसवायची, तिला माहेरवाशिणीसारखं जेवू घालायचं, हे मला लहानपणापासून एवढं अंगवळणी की त्यात काही नवल आहे हे मला तुझा तो मुंबईचा मित्र आला होता त्यानं विचारल्यावर कळलं.

तर महाप्रसादाला माझ्याकडे मीठ असतं. तू म्हणशील हे काय काम. अगं पंगतीत मीठ पहिलं. पान मांडलं की वर मधोमध मीठ, मग डावीकडं लिंबू, चटणी, त्याशिवाय बाकीचे वाढपी हालत नाहीत. नवीन पोरगा असला की तो चमच्यानं वाढतो आणि ढीग घालतो, मग लोक निम्मं टाकतात. मीठ तीन बोटांनीच वाढायचं, वाकून, चालता चालता, थांबायचं नाही, चारशे पानं एका दमात. मला हे काम ज्यांनी दिलं ते आता नाहीत, त्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, मीठ वाढणाऱ्याकडं कुणी वर मान करून बघत नाही पण तो चुकला तर सगळी पंगत बघते. ८६ साली धरलं ते आजपर्यंत. मधे कोरोनाची दोन वर्षं सोड. रिटायर झाल्यावर मंडळानं विचारलं, आता वाकायला त्रास होत असेल तर खुर्चीवर बसून पावत्या फाडा. म्हणजे प्रमोशन. मी नको म्हटलं.

त्या दिवशी पहाटे तीनला उठायचं. घाटाच्या वर चुली पेटलेल्या असतात, आमटीचं पातेलं एवढं मोठं की ढवळणारा बाकावर उभा राहतो, फळीसारखा झारा, आणि धूर सरळ वर जात नाही तर नदीवरच्या गारठ्यानं खाली दबतो आणि पाण्यावर पसरून बसतो. समोर मेणवलीच्या बाजूला अजून अंधार, मागं ढोल्या गणपतीचा कळस नुसता काळा दिसतो. आणि आमटीत गूळ पडला की जो वास सुटतो ना, त्या वासाला कुत्रीपण उठतात. त्या वेळी कुणी फार बोलत नाही. जो तो आपलं काम करतो. डॉक्टर असतो, रिक्षावाला असतो, नगरपालिकेतला असतो, एक जण तर तुमच्या हिंजवडीतून रात्रीच निघून येतो, खोबरं किसायला. त्याला विचारलं एवढ्या लांबून खोबरं किसायला येतोस, तर म्हणाला घरी मिक्सर आहे हो काका पण तिथं कुणी विचारत नाही झालं का म्हणून.

वाईट बाजूपण सांगतो, नाहीतर म्हणशील आप्पा नुसतं गोड लिहितात. नदी आता तशी नाही राहिली. उन्हाळ्यात घाटाच्या खाली पाणी कमी आणि जलपर्णी जास्त, सांडपाणी कुठं कुठं थेट येतं, पत्रावळीच्या जागी कागदी प्लेटा आल्या त्यांना आतून प्लॅस्टिक असतं, त्या दुसऱ्या दिवशी पाण्यात. ज्या बाईला साडी नेसवतो तिच्या अंगावरच खरकटं टाकतो, हे मी मंडळाच्या मीटिंगमध्ये बोललो तर एक जण म्हणाला तुम्ही फक्त मिठाचं बघा. बोलणाऱ्याचं वय तुझ्याएवढं. मी बघतो मिठाचं. पण रविवारी सकाळी काही पोरं पोरी नदी साफ करायला उतरतात त्यांच्यात मीपण जातो, पाण्यात नाही उतरत, काठावर पोती धरून उभा राहतो. आईला सांगू नको, तिला वाटतं मी फिरायला जातो. (ती हे वाचणार आहे पाठवायच्या आधी, पण लिहिलंय तर राहू दे.)

उत्सव चालू असतानाच शिमगा येतो आणि रंगपंचमीला बावधनचं बगाड. आता ते तर तुझ्या आईचं माहेर. तिला त्या दिवशी वाकडला ठेवलंस तर ती चौदाव्या मजल्यावरून चांगभलं म्हणेल आणि सोसायटीवाले नोटीस काढतील. होळीच्या रात्री भैरवनाथाला कौल लावून बगाड्या, म्हणजे बगाडावर चढणारा नवसकरी, ठरतो, मग रंगपंचमीला सोनेश्वरापासून गावापर्यंत ते एवढं मोठं लाकडी बगाड बैलजोड्या बदलत बदलत शेतातून ओढत आणतात, रस्त्यानं नाही, शेतातून, आणि प्रत्येक वेळी शीड फिरली की काशिनाथाचं चांगभलं. तुझ्या मामानं ह्या वर्षी नवीन खिलार घेतलाय, नांगराला लावत नाही त्याला, बगाडासाठीच सांभाळतो, शेतीच्या हिशोबात हा निव्वळ वेडेपणा आहे हे त्यालाही कळतं. मला स्वतःला त्या गर्दीची भीती वाटते, खरं सांगतो, बैल बिथरला की काही खरं नाही. मी लांब बांधावर उभा राहतो. पण आईला पुढं जायचं असतं.

एप्रिलात हळदीचा बाजार, नुसतं यार्डाच्या बाजूनं गेलं तरी शर्टाला वास येतो. मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला, मी एकही चुकवत नाही, निम्म्या भाषणांना झोप लागते ते वेगळं. मग जून. पावसाळ्यात तर सोडूच शकत नाही. धोम धरणातून पाणी सोडणार म्हणून भोंगा वाजला, व्हॉट्सॲपवर मेसेज यायला लागले की मी घाटावर. ऑगस्टात पाणी सोडलं तेव्हा रात्री दीडला गेलो होतो. मला तिथं काही काम नसतं ग, पण बघायचं असतं. तुला मी लहानपणी दाखवलं होतं का आठवतंय, ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलीय, पुराचं पाणी येऊन आदळू नये, दोन बाजूंना कापलं जावं म्हणून. १७६२ साली रास्त्यांनी बांधलं देऊळ. त्या रात्री मी बॅटरी मारून बघितलं, पाणी गढूळ चहासारखं, त्या टोकाशी येतं आणि खरोखर दोन भाग होऊन मुकाट बाजूनं जातं. २१ सालच्या जुलैत देवरुखवाडीवर दरड आली तेव्हापासून रात्री जास्त पाऊस लागला की मला झोप येत नाही, पश्चिमेकडच्या सगळ्या वाड्या डोळ्यासमोर येतात. माझ्या बीटात नव्हत्या त्या. पण त्यांची नावं रोज सॉर्टिंगला हातातून गेलेली.

तर असा वर्षाचा हिशोब. आई म्हणाली, संपलं वर्ष, आता पुढच्या सालचं कालनिर्णय आणा.

हे सगळं तुला सांगायला सोपं आहे. फोनवर जे बोलता आलं नाही ते वेगळं आहे.

तात्या. समोरच्या वाड्यातले, माडीवरचे. तुला आठवत असतील मराठी विश्वकोशाच्या कचेरीत होते, मुद्रितशोधक, म्हणजे छापायच्या आधी चुका काढणारे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली उमेदवारी केलेली माणसं, त्यांच्या बोलण्यातसुद्धा स्वल्पविराम ऐकू येतो. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. काकू गेल्या त्याच वर्षी. त्यानंतर एकदा मी असाच पेन्शनचा कागद वाचून दाखवायला गेलो होतो तर म्हणाले, कपाटातला पहिला खंड काढता का जरा, १९७६ चा. काढला. म्हणाले कुठलंही पान वाचा. वाचलं. दुसऱ्या दिवशी परत गेलो. त्याला आता तीन वर्षं झाली मनू. रोज संध्याकाळी सहा ते सात, कधी साडेसात. एकूण वीस खंड आहेत, शेवटचा त्यांच्या रिटायरमेंटनंतर आला, २०१५ ला. सगळं नाही वाचत, ते नोंदी निवडतात, आधी नाव विचारतात आणि मग हो किंवा पुढं म्हणतात. गणिताच्या नोंदी मला कळत नाहीत तरी वाचतो, त्यांनाही कळत नाहीत असा मला संशय आहे.

आणि तुला गंमत सांगतो, त्यांना अजून चुका सापडतात. मी वाचत असतो आणि ते हात वर करतात, थांबा, परत वाचा. मी परत वाचतो. इथं पूर्णविराम नको होता, म्हणतात, माझ्याकडून राहिला. पन्नास वर्षांपूर्वीच्या पूर्णविरामाचं वाईट वाटतं त्या माणसाला. सुरुवातीला मला हसू यायचं. मग मला माझी एक चुकीच्या आळीत पडलेली मनिऑर्डर आठवली, ती मी अजून विसरलेलो नाही.

वाईची नोंद आली त्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो होतो. खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली, कृष्णा नदी, घाट, देवळं, प्राज्ञपाठशाळा, आणि बघता बघता नोंद संपली पण. तात्या म्हणाले झालं? मी म्हटलं झालं. म्हणाले जागेचं बंधन असतं हो, आपलं गाव म्हणून जास्त देता येत नाही. मग पेढा खाल्ला आणि हळूच म्हणाले, दोन ओळी मी सुचवल्या होत्या, घेतल्या नाहीत.

तू म्हणशील, आप्पा, विश्वकोश सगळा नेटवर आहे आणि फोन वाचूनपण दाखवतो. माहितीये. केलं ते. मीच तुझ्याकडून आलेल्या जुन्या मोबाईलवर लावून दिलं. तात्यांनी पाच मिनिटं ऐकलं, म्हणाले ही बाई श्वास घेत नाही, बंद करा.

आता खरी अडचण. ‘व’ संपलाय. ‘श’ चालू आहे. पुढं ‘स’ आणि ‘ह’, बस. गेल्या दोन महिन्यात माझ्या लक्षात आलंय की तात्या ‘पुढं’ म्हणायचे बंद झालेत, प्रत्येक नोंदीला हो म्हणतात, कसल्याही. आणि मीही सावकाश वाचतो. दोघं एकमेकांना काही बोलत नाही. काल तर त्यांनी एक पान तीनदा वाचायला लावलं आणि मी तीनदा वाचलं, चूक काहीच नव्हती.

सोमवारी अविधवा नवमी होती, काकूंचं पान. मुलगा तिकडं लांब, व्हिडिओ कॉलवर होता, नेट गेलं. आईनं स्वयंपाक केला, भात, खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, आणि मी पान नेऊन माडीच्या मागच्या कठड्यावर ठेवलं. तात्या दारात खुर्चीवर. कावळे कुठायत आता, घाटावर एक डोमकावळा आहे तो ह्या दिवसात एवढी बोलावणी खातो की त्याला उडवत नाही. अर्धा तास गेला. दर दोन मिनिटांनी विचारतात, आला का. मला सहन होईना, मी म्हटलं आला तात्या, शिवला. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, पंखांचा आवाज नाही झाला.

आता काय सांगू तुला. मला पस्तीस वर्षांत कुणी एवढं स्वच्छ पकडलं नव्हतं, त्या ब्राह्मणशाहीतल्या आजी सोडून. मी म्हटलं नाही आला, चुकलं माझं. ते काही बोलले नाहीत. आम्ही तसेच बसून राहिलो, पान वाळायला लागलं, खिरीवर साय धरली. शेवटी आंब्यावरून एक खार उतरली, कठड्यावर आली, इकडं तिकडं बघितलं आणि सगळ्यात मोठा वडा तोंडात धरून पळाली. ह्या वेळी मी जसं झालं तसं सांगितलं. तात्या म्हणाले, वडाच नेला ना? मी म्हटलं हो. म्हणाले, मग चालेल, तिला वडेच आवडायचे.

तर असं आहे. तात्यांची जबाबदारी माझी नाही, मला कळतं. त्यांच्या मुलाचीच आहे, आणि तो पैसे पाठवतो, बाई ठेवलीय कामाला, सगळं व्यवस्थित आहे. पण मी जर सहा महिने तुझ्याकडं आलो तर सहा वाजता ते खुर्ची दाराकडं वळवून बसतील, ते मला तिकडं चौदाव्या मजल्यावर बसून दिसेल. हे फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस आप्पा तुम्हाला शेजारी माझ्यापेक्षा जास्त झाले. तसं नाहीये. कसं आहे ते मला नीट लिहिता येत नाहीये, तात्यांना विचारलं तर ते दुरुस्त करून देतील पण त्यांना हे पत्र वाचून दाखवता येणार नाही.

मधला मार्ग असा काढलाय, बघ पटतो का. आई नवरात्रानंतर येईल तुझ्याकडं, कोजागिरीच्या आधी, पंधरा दिवस. गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवून घे. मी तिला सोडायला येईन, दोन रात्री राहीन. आता एसटीत ती बाई म्हणून हाफ, मी पासष्टच्या वरचा म्हणून हाफ, दोघांचं मिळून एकच तिकीट होतं, तेव्हा येण्याजाण्याचं काही वाटत नाही, तू म्हणशील तेव्हा सुरूर फाट्यावर येऊन उभं राहायचं. त्या दोन दिवसात तू तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारून ठेव की खालचं टपाल लावून दिलं तर चालेल का. लेखी परवानगी असली तर बरं, त्या वॉचमनला दाखवता येईल.

आणि तू उत्सवाला ये ह्या वर्षी. सुट्टी आत्ताच टाकून ठेव, तारखा कळल्या की कळवतो. मिठाच्या मागं लिंबू वाढायला माणूस कमी आहे, गेल्या वर्षीचा मुलगा दुबईला गेला.

साडेपाच वाजून गेले. अजून हातपाय धुवायचेत, आणि तात्यांचा चष्मा, जो ते अजून लावतात, त्याची दांडी निखळली होती ती दुरुस्त करून आणलीय, ती द्यायचीय. आज ‘शेतकरी’ की ‘शेती’ असलं काहीतरी येईल, मोठी असणार नोंद.

जावईबापूंना आशीर्वाद. बाळीला पापा.

तुझा
आप्पा

ता. क. आईनं वाचलं. पोत्यांचं तिला आधीच माहीत होतं म्हणे, चप्पलला गाळ असतो म्हणून. ती म्हणते की पत्रात तिच्या हातच्या वड्यांचं लिहिलंत पण पोरीला पाठवा असं नाही लिहिलं. भाजणी दळून ठेवलीय, दोन किलो, येताना आणतो. आणि ती म्हणते, बगाडाला पोरीला येऊ दे, मीठ लिंबू काय घेऊन बसलाय.